विश्वामित्रीच्या ट्रॅक्टरची तेलगळती

आपल्या मंडळात बडोद्याचा इतिहास म्हटला की वाडे, दप्तरं आणि सयाजीराव महाराज. मी पडलो यंत्रवाला, म्हणून आज एक इंजिन उघडतो.

पादरा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या खळ्यात जुना हिंदुस्थान ट्रॅक्टर उभा होता. चार सिलिंडर, ५० अश्वशक्ती. खाली कायम तेलाचं थारोळं. रात्रभर थाळी ठेवली तर सकाळी वाटीभर काळं तेल. मेकॅनिकनं सांगितलं होतं, "मागचं सील गेलंय, ट्रॅक्टर मधून तोडावा लागेल." म्हणजे इंजिन क्लचपासून वेगळं करायचं, फ्लायव्हील उतरवायचं. त्या खर्चापेक्षा भंगारवाला बरा, असं मालकांचं मत झालेलं. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

हा ट्रॅक्टर महत्त्वाचा का, तेही सांगतो. झेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात झ्ब्रोयोव्का नावाचा शस्त्रांचा कारखाना होता. ब्रिटिश फौजेची ब्रेन गन मूळ तिथलीच. ब्रनोचं 'ब्र' आणि एनफिल्डचं 'एन'. महायुद्ध संपल्यावर याच कारखान्यानं ट्रॅक्टर काढले. १९४६ पासून 'झेटोर' बाजारात आला. झ्ब्रोयोव्काचं 'झेट' आणि ट्रॅक्टरमधलं 'ओर' मिळून हे नाव झालं. पुढे १९६३ च्या सुमारास मोटोकोव्ह या झेक निर्यातसंस्थेशी करार होऊन आपल्या विश्वामित्रीला झेटोरच्या धर्तीचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले, 'हिंदुस्थान' नावानं. नंतर कारखाना सरकारकडे गेला, गुजरात ट्रॅक्टर झाला आणि १९९९ मध्ये महिंद्रकडे आला. दांडिया बाजारातल्या कितीतरी मराठी घरांची चूल या कारखान्याच्या पगारावर पेटायची.

तिथलेच एक निवृत्त फिटर माझ्याबरोबर आले. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना काका म्हणतो. खाली वाकून त्यांनी बोटावर तेल घेतलं आणि हुंगलं. गिअरचं तेल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. हे तसं नव्हतं, इंजिनाचंच होतं. मग म्हणाले, "तेल जिथं पडतं तिथनंच गळतं असं नसतं. आधी आंघोळ घाला याला."

डिझेल आणि ब्रश घेऊन दोन तास घासलं. मातीचा नि तेलाचा थर निघाला तशी ओतकामातली उठावाची अक्षरं वर आली: झेटोर. मालक इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवत होते, पण त्यांनीही ती पाहिली नव्हती. इंजिन कोरडं केलं, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि वीस मिनिटं चालू ठेवलं. बॅटरी नि आरसा घेऊन पाहतो तर ओघळ वरून! रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेल निघत होतं, ब्लॉकच्या पाठीवरून उतरत होतं आणि क्लच हाउसिंगच्या जोडावर येऊन ठिबकत होतं. खालून पाहणाऱ्याला वाटणार, मागचं सीलच.

काकांनी मग ब्रीदर काढायला लावला. आतली जाळी काजळी नि भुशानं पार बुजलेली. इथे सगळी गोम होती. रिंगा झिजल्या की सिलिंडरमधला वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायला ब्रीदरची वाट असते. ती बंद झाली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागे आजच्यासारखं रबरी सील नसायचं. कुठे ग्रॅफाइटची दोरी असायची, तर कुठे तेल परत आत ढकलणारे आटे. दाबापुढे दोन्ही हतबल. म्हणून आधी ब्रीदर पाहायचा, मग ट्रॅक्टर तोडायची भाषा.

जाळी डिझेलमध्ये धुतली. कव्हर उतरवलं, तर त्याची कड बोल्टांपाशी वाकलेली; गळतंय म्हणून प्रत्येकानं आणखी आवळलेलं. जुन्या गास्केटचे थर खरवडले: कॉर्क, त्यावर लाल पेस्ट, त्यावर चक्क फाइलचा पुठ्ठा. प्रत्येक थर म्हणजे एका पेरणीतली घाई. कड सपाट लोखंडावर ठोकून सरळ केली. नवं कॉर्क कापलं, कव्हरच्या बाजूला ग्रीस लावून बसवलं. बोल्ट आधी हातानं, मग मधून कडांकडे थोडे थोडे आवळले. मी जोर लावला तसे काका ओरडले, "अहो, कॉर्क आहे ते! चिरडू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी थाळीत दोन थेंब होते. काका म्हणाले, "एवढं चालायचंच. अगदी कोरडा असता तर मीच आधी तेल आहे का ते बघितलं असतं."

ट्रॅक्टर भंगारात गेला नाही. रिंगा झिजलेल्याच आहेत, त्या कधीतरी बदलाव्या लागतील. मी मात्र घरी येऊन माझ्या जुन्या टिपणांची वही उघडली. कारखाना का मंदावला, याचं कारण मी शेवटच्या वर्षांत शोधून ठेवलं होतं. जिथं ठिबकताना दिसलं तिथंच. आता ते पान वरून तपासायला घेतलंय. पुढच्या बैठकीला काकांनाही घेऊन येतो.