मधुमेहात फक्त चालणे पुरेसे आहे का?

रोज चालत असाल तर ते सोडू नका. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चालणे हृदयासाठी हवेच. पण जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू शोषून घेतात आणि वयाबरोबर स्नायूच घटत जातात. नुसत्या चालण्याने ही झीज भरून येत नाही. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, ताकदीचे व्यायाम करा: हात न टेकवता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून जोर मारणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. जिमची फी भरायलाच हवी असे नाही. जोर लावताना श्वास रोखू नका, रक्तदाब चढतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर एकदम उतरू शकते, खिशात ग्लुकोज ठेवा. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल, तर वजने उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.