एकच डाव अजून



मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, मोबाइलच्या गेमवर एकदा बोला ना, आमचा नातू ऐकतच नाही." आम्ही हो म्हटलं. पण नातवाच्या आधी आजोबांची हकीकत सांगावी लागेल, नाहीतर तो अप्रामाणिकपणा होईल.

लॉकडाऊनमध्ये नातीने आमच्या फोनवर एक खेळ टाकून दिला. रंगीत गोळ्या जुळवायच्या, तीन जुळल्या की फुटतात. सत्तरीतला माणूस, तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट, आयुष्यभर वर्गात संयमावर बोललेला. आणि रात्री दीड वाजता पांघरुणात फोन धरून गोळ्या फोडतोय! नात विचारायची, "आबा, लाइफ संपल्या का?" आम्ही हसायचो. प्रश्न बरोबर होता, हे फार उशिरा कळलं.

एका संध्याकाळी पत्नीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, जरा येता का?" आम्ही म्हणालो, "आलोच, एकच डाव." पुन्हा हाक आली, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या वेळी हाक आली नाही, म्हणून उठलो. ती कपाटाला टेकून जमिनीवर बसली होती, घामाने भिजलेली. शुगर उतरली होती. साखरेचं पाणी दिलं, थोड्या वेळाने सावरली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं होतं ना?"

आलं होतं. हाच आजचा विषय.

माणूस जाणूनबुजून चुकीचं करत नाही, त्याला खरं ज्ञान नसतं म्हणून तो चुकतो, असं सॉक्रेटिसचं म्हणणं. ॲरिस्टॉटलने त्यावर शंका घेतली: कळतं, तरी वळत नाही, त्याचं काय? हा वाद आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. पण त्या संध्याकाळी आम्ही ॲरिस्टॉटलच्या बाजूला गेलो ते पुस्तकामुळे नव्हे.

आपल्याकडे हा प्रश्न ग्रीकांपेक्षाही जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. त्यात देवाची स्तुती कमी आणि एका जुगाऱ्याची व्यथा जास्त. तो ठरवतो की आता जायचं नाही, मित्र जातील तेव्हा मागे राहायचं. आणि फाशांचा आवाज कानावर पडला की निघतो. बायको दुरावली, आई झुरते, घरचे ओळख दाखवत नाहीत. सगळं त्याला दिसतंय, कळतंय. शेवटी त्याला सल्ला काय मिळतो? फासे सोड, शेत कस. नुसतं 'सोड' म्हटलेलं नाही बरं का. हाताला दुसरं काम सांगितलंय.

पुढे महाभारत. आपण सगळे पहिल्या द्यूताबद्दल बोलतो. आम्हाला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. सर्वस्व हरल्यावर धृतराष्ट्राने सगळं परत दिलं होतं. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. पुन्हा बोलावणं आलं आणि धर्मराज परत फिरला. बोलावणं नाकारायचं नाही, हा त्याचा नेम. पण शकुनी कोण आहे आणि आत्ताच काय झालं, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. 'एकच डाव अजून' हे वाक्य इतकं जुनं आहे.

राज्यकर्त्यांनी काय केलं? कौटिल्याने जुगार बंद केला नाही, बांधला. द्यूताध्यक्ष नेमायचा, खेळ ठरलेल्या एकाच जागी चालवायचा, जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच राज्याने घ्यायचे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आला. तरी १९६०च्या दशकात मुंबईत मटका फोफावला. त्याआधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर सट्टा लागायचा. नंतर आकडे इथेच काढले जाऊ लागले. कायद्याची नजर कायम दोन गोष्टींवर राहिली, पैसा आणि जागा.

आता आपल्या वाडीकडे या. अमरावती रोडवर गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, माल भरायची वाट पाहणारे ट्रक. पूर्वी ट्रकच्या सावलीत सतरंजी टाकून ड्रायव्हर-क्लीनर पत्ते खेळायचे, आम्ही जाता-येता पाहिलंय. चौघं असायचे. एकाचा माल भरला की तो उठायचा आणि डाव मोडायचा. अंधार पडला की मोडायचा. पैसे संपले की मोडायचा. आज तीच सावली, चौघंच, पण चार फोन. कुणी उठलं तरी कुणाचा डाव मोडत नाही.

जुन्या खेळाला बाहेरून थांबवणारं काहीतरी होतं, आणि आपण समजत होतो की आपण मनाच्या बळावर थांबतो! फोनने ते बाहेरचं काढून टाकलं.

१९९७ साली नोकियाच्या फोनवर साप आला. तो निदान स्वतःला धडकून मरायचा. आताचे खेळ जास्त हुशार आहेत. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले, १९५७ मध्ये त्यावर मोठा ग्रंथही आला. दाणा ठरावीक वेळी मिळाला तर कबुतर मधे थांबतं. केव्हा मिळेल याचा नेम नसला तर टोचतच राहतं. गोळ्यांचा खेळ असाच आहे, कधी फुटतात, कधी एकीने हुकतं. 'लाइफ' संपल्या की अर्धा तास थांबवतात खरं, पण तो अर्धा तास आपण घड्याळाकडे पाहत काढतो. ते थांबणं नव्हे, ते बोलावणं.

२०१८ मध्ये पबजी मोबाइलवर आला. मार्च २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, हिंगोलीला, रुळांजवळ हा खेळ खेळण्यात गुंग झालेले दोन तरुण रेल्वेखाली गेले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर सवयीला आजारांच्या यादीत जागा दिली; ती यादी २०२२ पासून लागू झाली. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पबजीवर बंदी घातली, पण कारण व्यसनाचं नव्हतं, देशाच्या सुरक्षेचं होतं. पुढच्याच वर्षी तो नवं नाव घेऊन परतला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. चांगलं झालं. पण आम्ही एक रुपयाही लावला नव्हता. आम्ही लावल्या त्या संध्याकाळी. त्यांचा हिशेब कोणत्या कलमात बसणार?

दोन गावांनी मात्र वेगळा विचार केला. दोन्ही आपल्याच राज्यातली. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद, असा ठराव केला. आणि सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने त्याच वर्षी ऑगस्टपासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की टीव्ही-मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू.

बान्सीची काळजी आम्हाला समजते, पण अठराव्या वाढदिवसाला त्या मुलाचं काय होणार? आणि सत्तरीतल्या मुलाचं? वडगावचा भोंगा जास्त शहाणा वाटतो, कारण तो सगळ्यांसाठी वाजतो. बापाच्या हातात फोन असताना मुलाला 'ठेव' म्हणायची लाज तिथे उरत नाही. आणि हरवलेली उठायची वेळ त्याने परत आणली.

आम्ही काय केलं? आधी खेळ काढून टाकला, मोठ्या निर्धाराने. तिसऱ्या रात्री परत घेतला. निर्धार कबुतरालाही असता तरी काय झालं असतं! मग पत्नीला सांगितलं, सात वाजले की फोन तुझ्याकडे. शेजारी आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक भाऊ राहतात, त्यांच्याकडे बुद्धिबळाचा पट मांडायला लागलो. ते साडेआठला जेवायला उठतात. डाव रंगात असला तरी उठतात. सुरुवातीला राग यायचा. आता कळतं, त्यांचं ते उठणं हेच औषध आहे. मधे पुण्याच्या प्रवासात एकदा घसरलो, तेही सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट मांडला.

म्हणून ताई, नातवाला 'सोड' म्हणू नका, ते त्याला कळतंय. त्याच्यासमोर कुणीतरी बसेल आणि वेळ झाली की उठेल, एवढं करा. तो कुणीतरी बहुतेक तुम्हीच असाल.

साडेसहा होत आलेत मंडळी. पट वाट पाहतोय.