महोत्सवाचा जलसा आणि त्याची पूर्वपीठिका

महोत्सव म्हटला कीं सकाळीं मोठी मिस्सा, दुपारीं भोजन आणि सायंकाळीं मांडवांत जलसा, हा क्रम आपल्या अंगवळणीं पडला आहे. जलशाचा बेतही बहुधा ठरलेलाच असतो. प्रारंभीं कोणी एखादा राग आळवितो, कोणी व्हायोलिनवर युरोपीय गत वाजवितो. मग चित्रपटांतील लोकप्रिय गीतें होतात. आणि रात्र चढली म्हणजे खुर्च्या कडेला सरकवून जोडपीं बँडच्या तालावर वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट नाचूं लागतात. परक्या पाहुण्यास ही नुसती खिचडी वाटते, आणि आपल्यांतीलही कित्येक सुशिक्षित मंडळी तिच्याविषयीं संकोचानेंच बोलतात. परंतु या खिचडीला फार जुना इतिहास आहे. तो सांगावयाचा तर आपल्या कर्जत-खालापूर भागांतील वाचकांनीं आपल्या स्टेशनापासूनच आरंभ करावा, हें बरें.

मुंबईकडील आगगाडी 1856 सालीं खोपोलीपर्यंत आली. 1858 सालीं खंडाळा ते पुणें हा रस्ता सुरू झाला. मधला घाट मात्र उतारूंना पालखींतून किंवा तट्टावरून चढावा लागे. 1863 सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा झाला, आणि तेव्हांपासून घाट चढणाऱ्या गाडीस मागून रेटणारें इंजिन जोडण्याचें ठिकाण म्हणून कर्जतची ख्याति झाली. इंग्रजी अमदानींत पावसाळा लागला कीं गव्हर्नरांचा दरबार पुण्यास हाले. तेथें घोड्यांच्या शर्यती, मेजवान्या आणि बॉल यांचा हंगाम चाले. लाटसाहेब असो वा मांडीवर व्हायोलिनची पेटी घेऊन तिसऱ्या वर्गांत बसलेला वादक असो, इंजिन जोडीपर्यंत कर्जतला दोघांचीही गाडी सारखीच खोळंबे. शिवाय रेल्वेच्या मोठमोठ्या वसाहतींत नोकरवर्गासाठीं इन्स्टिट्यूट असत. नाताळांत आणि नववर्षाच्या आदल्या रात्रीं तेथील लाकडी जमिनीवर नाच होत, आणि त्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हरांच्या कुटुंबांबरोबर गोमंतकीय ख्रिस्ती कारकून-गार्डही भाग घेत.

हे वादक कोण व त्यांना ही विद्या कोठें लाभली, हा खरा प्रश्न. त्यांच्यापैकीं बहुतेक गोव्याचे. तेथें सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयानें ज्या शाळा निघाल्या त्यांत प्रार्थनेबरोबर संगीतही शिकवीत. पुढें गांवोगांवच्या चर्चमध्यें ‘मेस्त्र’ हा संगीतशिक्षक मुलांकडून प्रथम स्वरलेखनाचे धडे घोकून घेई, नंतरच व्हायोलिन हातीं देई. कागदावरील खुणा पाहून न ऐकलेलें गाणें तत्काळ वाजवितां येणें, हा त्या मुलांचा जन्माचा ठेवा झाला. आपल्याकडील गवई कानानें शिकत, गुरूच्या गळ्यांतून विद्या उचलीत. दोन्ही रीति थोर. पण चाळीस जणांनीं एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजवावयाचे असतील तर कागद लागतोच.

येथें एक विलक्षण योग नमूद केला पाहिजे. 22 नोव्हेंबर 1903 रोजीं पोप दहावे पायस यांनीं पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढलें. त्यांत चर्चमध्यें पियानो तसेंच ढोल-झांजांसारखीं गलबल्याचीं वाद्यें वाजविण्यास मनाई केली व बँडलाही दार बंद केलें. म्हणजे ज्या मुलाला चर्चनेंच वाद्य शिकविलें, त्याला वॉल्ट्झ किंवा पदें वाजवावयाचीं झालीं तर पायऱ्या उतरून अंगणांत येणें भाग होतें. हें अंगणांतलें संगीत त्या आज्ञेहून जुनें आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांतून एकोणिसाव्या शतकांत मांडो हा प्रकार बहरला. शब्द कोंकणी, चाल संथ आणि सहा मात्रांची, स्त्रीपुरुष समोरासमोर नाचणारे, साथीला एका अंगास व्हायोलिन तर दुसऱ्या अंगास मातीचें घुमट. गाणें, बॉल आणि देशी ठेका यांची सोयरीक तेव्हांच जुळली होती. आपल्या जलशाचें मूळ पुरुषत्व कोणाकडे द्यावयाचें तर तें मांडोकडे द्यावें, असें मला वाटतें.

गोव्यांत पोट भरेना म्हणून हे वादक मुंबईस आले. धोबीतलावाच्या आसपास गांववाल्यांच्या ‘कूड’ नामक बिऱ्हाडांत ते उतरत, आणि प्रिन्सेस स्ट्रीटवरील आल्फ्रेड नांवाच्या इराणी हॉटेलांत चहा घेत कामाची वाट पाहत. ताजमहाल हॉटेलांत 1935 सालीं लिऑन ॲबी याचा अमेरिकन निग्रो वादकांचा ताफा आला, तेव्हां जाझची गोडी शहरास लागली. अल्दोणें गांवीं 1916 सालीं जन्मलेले आंतोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट, यांचा ताफाही पुढें ताजमध्यें वाजूं लागला. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनीं त्यांची ट्रंपेट आपल्या चित्रपटसंगीतांत आणली. 1951 सालच्या ‘अलबेला’ मध्यें हा ताफा पडद्यावरही दिसतो. त्याच सुमारास मुंबई इलाख्यांत दारूबंदीचा 1949 चा कायदा अमलांत आला, इंग्रज गिऱ्हाईक मायदेशीं परतलें, आणि नाचघरें ओस पडूं लागलीं. वादकांचा मोर्चा मग सिनेमाच्या स्टुडिओकडे वळला. संगीत-दिग्दर्शक चाल सांगे, गोमंतकीय सहायक ती कागदावर उतरवी, प्रत्येक वाद्याचा निराळा भाग लिहून काढी. चित्रपटाच्या श्रेयनामावलींत त्याचें नांव क्वचितच येई.

या परंपरेंत एकानें धाडस केलें. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म 1927 सालीं गोव्यांतील माजोर्ड्याचा. वडील तेथील चर्चचे गायकवृंदप्रमुख. 1943 सालीं ते मुंबईस येऊन नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवूं लागले. चित्रपटांसाठीं दिवसभर राबतांना हिंदुस्थानी रागांनीं त्यांचें मन वेधलें. 1958 सालीं त्यांनीं ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला आणि धोबीतलावाच्या सेंट झेवियर कॉलेजाच्या चौकांत जलसा केला. वादक सुमारें 110, आणि गावयास लता मंगेशकर व मन्ना डे. ज्या चौकाभोंवतीं त्यांच्या जातभाईंचीं कुडें, तेथेंच तोडी थाटांतला आणि सारंगांतला कॉन्चेर्टो!

हें काम किती अवघड होतें तें जाणत्यांनींच ओळखावें. युरोपीय संगीताचा पाया म्हणजे एकाच वेळीं वाजणारे अनेक स्वर. षड्ज, गंधार आणि पंचम एकत्र वाजले कीं तो मेळ पुरा होतो. आतां वृंदावनी सारंगांत गंधार मुळींच वर्ज्य, आणि तोडींत आहे तो कोमल, शिवाय मध्यम तीव्र. नेहमींचा मेळ लावावा तर राग बिघडतो. न लावावा तर शंभर वाद्यें एकच स्वर दळीत बसतात. ठेक्याची गोष्ट त्यामानानें सोपी. वॉल्ट्झच्या तीन मात्रा दादऱ्याच्या अर्ध्या आवर्तनांत सहज बसतात, आणि फॉक्सट्रॉटच्या चार केरव्याला परक्या नाहींत. म्हणून लोकप्रिय गाण्यांत बॉलचा ठेका लवकर मुरला. राग आणि मेळ यांचा संसार मात्र कठीणच राहिला, व त्यांत हात घालणाऱ्या माणसाला दोन्हीकडील पंडितांनीं नाकें मुरडलीं तर आश्चर्य नाहीं.

तो वाद्यवृंद फार काळ टिकला नाहीं. 1965 सालीं सिरॅक्यूज विद्यापीठाची वृत्ति मिळून गोन्साल्विस अमेरिकेस गेले. पुढें माजोर्ड्यास परतून शांतपणें राहिले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका गाण्यांत गुरूचें नांव घातलें, आणि तें देशभर झालें. लाखों लोक तें नांव गाऊं लागले, पण असा मनुष्य खरोखर होता हें थोड्यांनाच ठाऊक. 18 जानेवारी 2012 रोजीं ते निवर्तले.

प्रसिद्ध पुरुषाची ही गत, मग आमच्या लग्नांत आणि जलशांत वाजवून गेलेल्या वादकांची काय कथा? कोणी रेल्वेंत फिटर होता, कोणी शाळामास्तर. दिवसा चाकरी, रात्रीं ट्रंपेट. त्यांनीं हातानें लिहिलेल्या स्वरांच्या वह्या पेट्यांच्या तळाशीं आहेत, कांहीं वाळवीनें खाल्ल्या, कांहीं रद्दींत गेल्या. जुन्या जलशाची छापील पत्रिका, ताफ्याचें छायाचित्र किंवा अशी एखादी वही ज्या घरीं असेल त्यांनीं ती फादरांकडे आणून द्यावी. मागील पानावर वाजविणाऱ्याचें नांव व गांव लिहिण्यास विसरूं नये. वह्या उतरवून घेऊन मूळ प्रती परत केल्या जातील.