म्युनिक येथील जुनी लॅटिन शाळा

सेमिनरींत लॅटिनचीं रूपें घोकतांना आमचा जीव मेटाकुटीस येई. हीच भाषा जेथें मुलें रंगभूमीवर बोलत, अशा एका शाळेचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बव्हेरियाचे ड्यूक आल्ब्रेख्त पांचवे यांच्या बोलावण्यावरून येशूसंघीयांनीं इ. स. १५५९ मध्यें ती म्युनिक शहरीं स्थापिली. व्याकरण, काव्य व वक्तृत्व हा तेथील अभ्यासक्रम. पण खरा लौकिक नाटकांचा. फादर याकोब बीडरमान हे तेथें वक्तृत्व शिकवीत. त्यांचें ‘सेनोडोक्सुस’ हें लॅटिन नाटक म्युनिकमध्यें १६०९ त झालें. नायक पॅरिसचा महापंडित. लोक त्यास साधु मानीत. अंतरीं मात्र निव्वळ अहंकार, आणि शेवटीं तो नरकांत जातो! प्रयोग पाहून चौदा थोर गृहस्थ एकांतध्यानास गेले, असें १६६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत नमूद आहे.

१७७३ त पोप क्लेमेंट चौदावे यांनीं येशूसंघ विसर्जित केला, शाळा टिकली. १८४९ त ड्यूक विल्हेल्म पांचवे यांच्यावरून तिला ‘विल्हेल्म्स गिम्नाझियुम’ हें नांव मिळालें. लॅटिन व ग्रीक तेथें अद्याप शिकवितात.

एक गोष्ट झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. यहुदी कादंबरीकार लिओन फॉइख्टवांगर १९०३ त येथूनच उत्तीर्ण झाले. १९३३ त नात्सींनीं त्यांचे ग्रंथ जाळले, नागरिकत्वहि हिरावलें. आणि पुढें यहुद्यांच्या संहाराचा सूत्रधार झालेला हाइन्रिख हिमलर, तोहि १९१० पासून कांहीं वर्षें याच शाळेंत होता. घर कॅथोलिक, वडील शिक्षक, आणि मुलगा अभ्यासांत हुशार.