बाराखडी नसलेली भाषा

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले आणि नवी मुंबईच्या अंगणात जगाच्या व्यापाराचे एक मोठे दार उघडले. उरण-पनवेलच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या कंटेनरांवरील चिनी अक्षरे आता येथील मुलांच्याही नजरेखालची झाली आहेत. आयात-निर्यातीच्या कचेऱ्यांत नोकरी करणारी आमच्या धर्मग्रामातील काही तरुण मंडळी दिवसभराचे काम आटोपून महाविद्यालयातील सायंवर्गात प्राथमिक चिनी शिकू लागली, तेव्हा एका पालकांनी आम्हांला विचारले, "फादर, १९६२ साली ज्यांच्याशी आपले युद्ध झाले, २०२० साली गलवानच्या खोऱ्यात ज्यांच्याशी लढताना आपले वीस जवान धारातीर्थी पडले, त्यांची भाषा आपल्या मुलांनी का शिकावी?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हांला आपल्याच किनाऱ्यावर घडलेल्या इतिहासाकडे वळावे लागले.

प्रथम ही भाषा शिकणे म्हणजे काय, हे पाहू. चिनी भाषेला बाराखडी नाही. तिचे प्रत्येक अक्षर हे एक स्वतंत्र चिन्ह असते आणि वर्तमानपत्र नीट वाचायचे तर अशी हजारो चिन्हे पाठ असावी लागतात. उच्चारांचेही तसेच. 'मा' हा शब्द एका सुरात उच्चारला तर 'आई', सूर बदलला तर 'घोडा'. 'स्त्री' आणि 'मूल' ही दोन चिन्हे शेजारी शेजारी लिहिली की 'चांगले' या अर्थाचा 'हाओ' हा शब्द होतो. पवित्र मातेच्या कुशीतील बालकापुढे नतमस्तक होणाऱ्या आपल्या समाजाला हे अक्षर तरी सहज लक्षात राहावे. एरवी पदवीधर माणसालाही या वर्गात शिरताना पुन्हा पहिलीतले मूल व्हावे लागते.

साडेचार शतकांपूर्वी काही विद्वान पुरुष असेच मूल झाले. सप्टेंबर १५७८ मध्ये लिस्बनहून आलेल्या जहाजांतून येशूसंघाचे काही सदस्य गोव्यास उतरले. त्यांत मिकेले रुज्जिएरी आणि मात्तेओ रिच्ची हे दोन इटालियन होते. येशूसंघाचे पूर्वेकडील निरीक्षक फादर वालिन्यानो यांचे ठाम मत होते की, चीनमध्ये सुवार्ता न्यायची तर आधी चिनी भाषा आत्मसात केली पाहिजे. त्यांच्या मागणीवरून रुज्जिएरी यांना १५७९ साली मकाव येथे धाडण्यात आले. तेथे पाठ्यपुस्तक नव्हते, शब्दकोश नव्हता. त्यांचा एक शिक्षक चिनी चित्रकार होता. तो घोड्याचे चित्र काढी आणि शेजारी घोड्याचे अक्षर लिही. तिशी ओलांडलेला, कायद्याचे उच्च शिक्षण घेतलेला हा धर्मगुरू चित्रे पाहून शब्द शिकत होता. हा वेळेचा अपव्यय आहे, असे त्यांच्या काही सहकाऱ्यांनाच वाटत असे.

रिच्ची या काळात भारतात होते. स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांच्या उच्च शिक्षणापासून दूर ठेवण्यास त्यांनी १५८१ च्या एका पत्रात विरोध नोंदवला आहे. १५८२ साली तेही मकावला पोहोचले. या दोघांनी मिळून पोर्तुगीज-चिनी शब्दकोश रचला. पुढे रिच्ची यांनी मैत्री या विषयावर थेट चिनी भाषेत पुस्तक लिहिले, १६०१ मध्ये ते पेकिंगला स्थायिक झाले आणि १६१० साली तेथेच निवर्तले. परकीय असूनही बादशहाने त्यांच्या दफनासाठी जागा दिली. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

आपल्या दृष्टीने एक योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. रुज्जिएरी मकावला गेले त्याच १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश येशूसंघीय गोव्यास आले. त्यांनी आपली मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. एकाच संघाच्या, एकाच बंदरात उतरलेल्या या माणसांनी दोन निरनिराळ्या लोकांपुढे शिष्यत्व पत्करले. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांना भाषांचे दान एका सकाळी लाभले. यांना ते वर्षानुवर्षे रात्री जागून मिळवावे लागले.

भाषा अर्धवट राहिली तर काय होते, हेही चीनच्याच इतिहासाने दाखवले आहे. चिनी ख्रिस्ती लोक पूर्वजांच्या स्मृतीला जे वंदन करीत, ती मूर्तिपूजा की कौटुंबिक आदर, असा वाद ख्रिस्तसभेत पेटला. दोन नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्या आपल्याला त्यातील पेच सहज उमगेल. या प्रथांना बंदी करणारे मेग्रो हे १७०६ साली कांगशी बादशहापुढे उभे राहिले. वीस वर्षांहून अधिक काळ त्या देशाशी संबंध असूनही सिंहासनामागील चार अक्षरांपैकी त्यांना एकच ओळखता आले. आपली अक्षरे न वाचणारा आपल्या परंपरेचा न्याय कसा करणार, हा बादशहाचा आक्षेप होता. वादाला इतरही कारणे होती; परंतु १७२४ मध्ये पुढच्या बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली आणि १७४२ मध्ये रोमने त्या प्रथांवर अंतिम बंदी घातली. रोमने ती शिथिल केली ती १९३९ साली. तोवर जवळजवळ दोन शतके चिनी भाविकांना पूर्वज आणि प्रभू यांत निवड करावी लागली.

आपल्या भूमीनेही पूर्वेकडे असे विद्यार्थी पाठवले आहेत. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानी भाषा इतकी आत्मसात केली की, फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे ते दुभाषी झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ते हुतात्मा झाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. त्यांनी चिनी भाषा शिकून घेतली, तिच्यातूनच तेथील विद्यार्थ्यांना शिकवले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच देह ठेवला. दोन्ही देशांत पुढे युद्ध झाले तरी चिनी लोकांनी त्यांची समाधी जपली आहे.

म्हणून त्या पालकांना आमचे सांगणे असे. आपली मुले नोकरीसाठी चिनी शिकत असतील, तर त्यात गैर काही नाही. कष्टाची भाकर पवित्रच असते. सीमेवरील तंटे खरे आहेत आणि शहीद जवानांच्या कुटुंबांचे दुःखही खरे आहे. पण ज्यांच्याशी तंटा आहे, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकू शकणारी माणसे आपल्याकडे असणे, ही उभय देशांची गरज आहे. प्रभूने शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा दिली आहे, आणि शेजारी काय बोलतो हे कळल्याखेरीज त्या आज्ञेचे पालन अपुरेच राहते. मुले रात्री वर्गातून उशिरा परततील. त्यांचे ताट झाकून ठेवावे, आणि आज कोणते नवे अक्षर शिकलात, एवढे आवर्जून विचारावे.