पन्हाळ्याची रानवाट

कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर असलेला पन्हाळा शिलाहारांच्या काळापासून महत्त्वाचा गड आहे. कोकणातून घाट चढून येणाऱ्या वाटांवर येथून नजर ठेवता येई. गडाच्या पश्चिमेला मसाई पठार पसरले आहे. त्यापुढे रान, ओढे आणि खिंडी ओलांडत वाट विशाळगडाकडे जाते. सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना जुलै १६६०च्या भर पावसात, रात्रीच्या अंधारात शिवाजी महाराज याच वाटेने निसटले. शिवा काशीद यांनी महाराजांचे सोंग घेऊन प्राण दिले, तर बाजीप्रभू आणि बांदलांनी घोडखिंड अडवून धरली. ही खिंड पुढे पावनखिंड झाली. या वाटेचे मोल रस्त्याच्या नकाशावरून कळत नाही, ते चिखल तुडवत चालल्यावरच कळते. म्हणून दरवर्षी जुलैत शेकडो माणसे ती पायी चालतात आणि वाटेतल्या वाड्यावस्त्यांवर मुक्काम करतात.

मोटारीने येणाऱ्या कुटुंबांचा थांबा मात्र गडावरच असतो. अंबरखान्याची धान्यकोठारे आणि तीन दरवाजा पाहून झाला, की तबक उद्यानाच्या दाट सावलीत मुले बागडतात आणि झुणका-भाकरीचा बेत होतो. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळाही आहे.