बेदाणा शेड
बेदाणा शेड ही द्राक्षे सावलीत सुकवण्यासाठी उभारलेली, जाळ्यांचे थर असलेली रचना होय. सांगली जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील जत, कवठे महांकाळ व तासगाव तालुक्यांत ती आढळते. पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवलेली द्राक्षे जाळ्यांवर पसरतात. द्रावणामुळे सालीवरील मेणाच्या थरातून पाणी लवकर बाहेर पडते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सुमारे दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

हवेतील आर्द्रता वाढल्यास सुकणे लांबते, मणी काळवंडतात व बुरशी लागून हंगामाचे उत्पन्न बुडू शकते. म्हणून अवकाळी पावसात शेडच्या बाजू प्लास्टिक कागदाने झाकतात; मात्र आत बाष्प कोंडू नये यासाठी पाऊस थांबताच त्या उघडतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.